तुमची सुट्टी, आमचा खाडा

साजगाव म्हटले की कर्जत-खालापूरकडच्या माणसाला प्रथम आठवते ती कार्तिकी एकादशीची जत्रा. ताकईच्या टेकडीवरील विठ्ठलमंदिराला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात खरे, पण लोकांच्या तोंडी अधिक रुळलेले नाव आहे ‘बोंबल्या विठोबा’. कारण या जत्रेत, घोंगड्या आणि बैलांच्या बरोबरीने, बाजार भरतो तो सुक्या बोंबलांचा. संत तुकाराम मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून येथवर येत असत, अशी आख्यायिका आहे. वारकऱ्यांच्या देवाच्या पायथ्याशी सुकी मासळी विकली जावी आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटू नये, हा कोकणचा मोकळेपणा आम्हांला नेहमीच भावला आहे.

आम्हांला सांगायचे आहे ते या जत्रेच्या साजगावाविषयी नव्हे. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर एक लहानशी कातकरी वाडी आहे. घरे बावीस. वाडीच्या कुशीतून एक ओहळ खाली उतरतो. पावसाळ्यात तो असा गर्जतो की पलीकडच्याची हाक ऐकू येऊ नये, आणि नाताळ उलटला की त्याच्या पात्रात नुसते गोटे उरतात. खाली पाताळगंगा मात्र भर वैशाखातही वाहते. खोपोलीला टाटांचे वीजगृह सुरू झाले ते १९१५ साली. लोणावळ्याच्या वरच्या तलावांतले पाणी नळांतून खाली येते, जनित्रे फिरवते आणि मग नदीला मिळते. त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या, आणि त्या गिरण्यांवर आमच्यातील कित्येकांच्या आजोबांची चूल पेटली. शंभराहून अधिक वर्षे हे पाणी डोंगर उतरते आहे. वाडीतील बायका मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन तो डोंगर चढतात.

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे या वाडीत जाऊन-येऊन असत. कधी शाळेची पुस्तके, कधी डोळ्यांची तपासणी, असे किरकोळ निमित्त. २०२४च्या उन्हाळ्यात धर्मग्राम सभेत विषय निघाला की, यंदा एक दिवस सर्वांनी मिळून तेथे अंगमेहनतीचे काम करावे. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ साली आले. त्यानंतर १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठी राखून ठेवलेला काळ आपल्याकडेही पाळला जाऊ लागला. प्रार्थना होतात, मुलांच्या चित्रकला-स्पर्धा होतात, फलक लागतात. कोणीतरी म्हणाले, एकदा हाताला माती लागू द्या. सूचना एकमताने संमत झाली. माती कोणती आणि कशासाठी, यावर मात्र पुढे तीन बैठका गेल्या.

बहुतेकांच्या मनात होते वृक्षारोपण. प्रत्येक कुटुंबाने एक रोप लावावे, शेजारी कुटुंबाच्या नावाची पाटी असावी, छायाचित्र काढावे. कल्पना गोड होती आणि तिला विरोध करणे कठीण होते. परंतु आमच्यात वनखात्यातून निवृत्त झालेले एक वडीलधारे गृहस्थ आहेत. त्यांनी शांतपणे विचारले, “मार्चमध्ये पाणी कोण घालणार?” महाराष्ट्रात २०१६च्या १ जुलैला एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला. पुढे ४, मग १३, मग ३३ कोटी असे आकडे वाढत गेले. लावलेल्या रोपांची मोजणी धूमधडाक्यात होते, जगलेल्यांची तितक्या उत्साहाने होत नाही. याच्या उलट उदाहरणही त्यांनीच दिले. नाशिकला सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर ५ जून २०१५ रोजी हजारो स्वयंसेवकांनी ११ हजारांच्या आसपास देशी रोपे लावली. आज तेथे जी देवराई उभी आहे ती त्या एका दिवसाची नव्हे. नंतरची कित्येक वर्षे तेथे पाणी, राखण आणि जाळरेषा यांसाठी न थकता येत राहिलेल्या माणसांची ती आहे. “आपल्यापैकी किती जण तसे येणार, ते आधी सांगा,” असे म्हणून ते खाली बसले. सभेत क्षणभर कोणी बोलले नाही.

म्हणून ठरले की, आधी वाडीला विचारावे.

सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही पाच जण वर गेलो. पावसाची उघडीप होती. ओहळाच्या दोन्ही काठांवर घाणेरी माजली होती. काही ठिकाणी ती पुरुषभर उंच होती आणि आत शिरायला वाट नव्हती. ही घाणेरी, काही ठिकाणी हिला टणटणी म्हणतात, मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आणली गेली. तेथून ती साऱ्या देशाच्या रानांत पसरली. बुलबुलांसारखे पक्षी तिची काळी फळे खातात आणि बिया सर्वत्र टाकतात. तिच्या गर्द छायेत गवत वाढत नाही, आणि ढोरे तिला तोंड लावत नाहीत. आमच्या मनाने तेथेच निवाडा केला होता: ही शत्रू, हिला मुळासकट उपटावे.

आमच्याबरोबर वाडीतील एक म्हातारी आली होती. वय विचारले तर हसली. सारी वाडी तिला ‘आयस’ म्हणे, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. तिने कोयत्याने घाणेरीची एक फांदी बाजूला केली आणि आत बोट दाखवले. “ह्यो बघा ऐन. ह्यो आसाणा. ही पेटारी. बकरीनं बघितला असता तर एक पान ऱ्हायलं नसतं. घाणेरीनं राखलाय.” आम्ही वाकून पाहिले. काटेरी जाळीच्या आत, हात-दीड हात उंचीची, सरळ वर चढणारी रोपे उभी होती. ती कोणी लावली नव्हती आणि त्यांना पाटी नव्हती. आयस पुढे सरकत होती आणि नावे घेत होती: किंजळ, कुंभा, बेहडा, एक कोवळा मोह. आमच्यातील वनखात्याच्या गृहस्थांनी वही काढली. पानांवरून रोप ओळखणे त्यांनाही येत होते. पण दोन पाने फुटलेल्या अवस्थेत, केवळ देठाच्या रंगावरून ओळखणे त्यांना नवे होते, आणि त्यांनी तसे मोकळेपणाने सांगितले.

आयसचे म्हणणे असे की, घाणेरी सगळी काढू नका. तिच्या काड्या चुलीला लागतात, कुंपणाला लागतात. वरच्या बाजूच्या दाट जाळीत रानकोंबड्या अंडी घालतात. काढायचीच तर ओहळाच्या काठची काढा, कारण तिने पाण्यापर्यंतची वाट अडवली आहे आणि खाली उतरताना पोरांना साप दिसत नाही. शिवाय काढाल तेथली रोपे आधी खुणेने राखा, आणि मग त्यांना बकऱ्यांपासून राखायचे कसे याचाही विचार करा. अधिवास, पुनरुज्जीवन असे जड शब्द आम्ही बैठकांतून वापरत होतो. त्यांतला एकही शब्द न वापरता या बाईने आमच्या दिवसाचा सारा आराखडा आखून दिला.

दुसरे काम तिनेच सुचवले. ओहळाच्या एका अरुंद जागी, दोन कातळांच्या मध्ये, पाणी थोपवावे. मातीने भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या रचून घालायचा हा बांध महाराष्ट्राला नवा नाही. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेने तो खेडोपाडी नेला, म्हणून त्याला नावच पडले वनराई बंधारा. खर्च जवळजवळ नाही, कौशल्य थोडे, वेळ मात्र अचूक साधावी लागते. पाऊस ओसरत आलेला असावा आणि ओहळ अजून वाहता असावा. म्हणजे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. आम्ही २ ऑक्टोबर धरला. गांधी जयंतीची सुट्टी आणि दोन दिवसांवर असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण, हे आम्हांला फार जुळून आलेले वाटले.

दिवस सांगितला तेव्हा आयस काही बोलली नाही. बोलला तो तिचा पुतण्या. तो रोज सकाळी खोपोलीच्या नाक्यावर उभा राहणारा, मिळेल ते काम करणारा तरुण. म्हणाला, “दादा, तुमची सुट्टी असते. आमचा खाडा असतो.”

या एका वाक्याने आमची चौथी बैठक व्यापली. वाडीतील माणसांनी आमच्याबरोबर काम करावे, ही आमची अपेक्षा होती. किंबहुना त्यांच्याशिवाय ते काम होणारच नव्हते. पण त्या दिवशी नाक्यावर न जाणे म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. एक पक्ष म्हणाला, त्यांना मजुरी द्यावी. रोजगार हमीचा त्या वर्षीचा दर दिवसाला २९७ रुपये होता, नाक्यावर त्याहून अधिक मिळत असे, तेव्हा नाक्याचा दर द्यावा. दुसरा पक्ष म्हणाला, पाणी त्यांनाच मिळणार, बांध त्यांच्याच दारात, मग मजुरी कसली? दाम घेतले की ते श्रमदान राहत नाही, आणि एकदा पैसे दिले की पुढच्या वेळी पैशाशिवाय कोणी येणार नाही. हा युक्तिवाद करणारी माणसे कंजूष नव्हती. त्यांतील एकाने बंधाऱ्याच्या साहित्याचा सारा खर्च स्वतःहून उचलला होता. दान आणि देणे यांची सरमिसळ होऊ नये, एवढेच त्यांना वाटत होते.

आमचे मत पहिल्या पक्षाला होते, आणि आजही आहे. ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो तो एक दिवस दान करू शकतो. ज्याचा दिवस हीच त्याची सारी मिळकत, त्याच्याकडून तोच दिवस मागून घेणे आणि त्याला दोघांचे श्रमदान म्हणणे, यात कुठेतरी खोट आहे. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आमच्या धर्मगुरूंनी बैठकीत दिला नाही. पण तो सर्वांच्याच मनात असावा, कारण शेवटी मतदान न घेताच मजुरी द्यायचे ठरले. दोन कुटुंबे मात्र त्या दिवशी आली नाहीत. त्यांनी कारण सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार. पहाटेच्या मिस्सानंतर आम्ही ४४ जण एक भाड्याची बस आणि दोन गाड्या घेऊन जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालो. चौकच्या पुढे डावीकडे इरशाळगडाचा सुळका दिसू लागला आणि बसमधले गाणे आपोआप थांबले. १९ जुलै २०२३च्या रात्री याच डोंगराची दरड इरशाळवाडीवर कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. ती ठाकरांची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्या वेळी सांगण्यात आले. बसमधल्या एका मुलाने विचारले, झाडे असती तर दरड थांबली असती का? प्रश्न सरळ होता, उत्तर तसे नाही. इरशाळवाडीच्या भोवती झाडी होती. उभ्या कड्याखाली दिवसेंदिवस कोसळणारा पाऊस आणि आतून सुटलेला खडक यांच्यापुढे मुळांचे बळ थिटे पडते. आम्ही मुलाला एवढेच सांगितले की, आपण आज जे करणार आहोत त्याने दरडी थांबणार नाहीत. ते पाण्यासाठी आहे. त्याला ते पटले असावे.

वर पोहोचलो तेव्हा वाडीतील अठरा माणसे कुदळी-फावडी घेऊन उभी होती. बांधाच्या जागी साजगावातील एक गवंडी मार्गदर्शनाला आले होते. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. बारा वाजता घरी जाऊन पितरांचा घास ठेवायचा आहे, हे त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकले. त्यामुळे कामाला जी गती आली ती आमच्या कोणत्याही वेळापत्रकाने आली नसती.

आधी पात्रातील गाळ-गोटे काढून खालचा घट्ट थर उघडा केला. मग गोण्या भरल्या, पाऊण भागच, कारण गच्च भरलेली गोणी दगडासारखी होते आणि शेजारच्या गोणीला बिलगत नाही. तोंड सुतळीने शिवायचे. तळाशी रुंद आणि वर निमुळती होत जाणारी रचना. विटांच्या भिंतीप्रमाणे खालच्या सांध्यावर वरची गोणी येईल अशी बसवायची आणि दोन थरांच्या मध्ये चिकणमाती लिंपायची. बांध सात मीटर लांब आणि मीटरभर उंच झाला. गोण्या लागल्या २४०. हातांची साखळी करून गोण्या पुढे सरकवताना बँकेतील अधिकारी, दोन धर्मभगिनी, नाक्यावरचा तो तरुण आणि आमच्या कॅटेकिझमच्या वर्गातील मुले एका रांगेत होती. गवंडीबाबा कोणाचाही मुलाहिजा न ठेवता सर्वांवर सारखे ओरडत होते. पावणेबाराला पाणी वरच्या थराला लागले. त्यांनी हात धुतले, ओहळाला नमस्कार केला आणि ते झपाझप उतरून गेले.

दुसरी तुकडी घाणेरीकडे होती. तिची रीत अशी: नुसती छाटली तर ती दुप्पट फुटते, आणि ओढून उपटली तर माती विसविशीत होते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांनी प्रचारात आणलेली पद्धत आमच्या वनखात्याच्या गृहस्थांना ठाऊक होती. जमिनीच्या किंचित खाली, जेथून नवे फुटवे येतात त्याच्या खालच्या बाजूला, मूळ कुदळीने तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे. त्याआधी आयस आणि तिच्या दोन नाती जाळीत शिरून प्रत्येक देशी रोपाला लाल चिंधी बांधत होत्या. चिंध्या आमच्या बायकांनी जुन्या साड्या फाडून आणल्या होत्या. दिवसअखेर चिंध्या भरल्या ६३. तोडलेली घाणेरी वाळायला वाडीकडे नेली, थोडी चुलीसाठी, आणि थोडी त्याच रोपांभोवती काट्याचे कुंपण म्हणून. ज्या जाळीने त्यांना राखले होते तिनेच त्यांना पुन्हा राखावे, ही युक्ती अर्थातच आयसची.

जेवण वाडीतच झाले. आम्ही भात-आमटी नेली होती, त्यांनी ओहळातल्या चिंबोऱ्यांचे कालवण वाढले. त्या कालवणाविषयी लिहीत बसलो तर लेख लांबेल.

डिसेंबरमध्ये नाक्यावरच्या तरुणाचा दूरध्वनी आला. खालच्या अंगाला एका शेतघराच्या मालकाने बांधामागच्या पाण्यात नळी सोडली होती आणि हिरवळीला पाणी देण्यासाठी पंप लावला होता. दोन रात्रीत पाणी वीतभर उतरले होते. वसईत मूळ असलेल्या आमच्यातील वडीलधाऱ्यांना यात काही नवे नव्हते. टँकरने होणारा पाण्याचा उपसा, खारावत चाललेल्या विहिरी, आणि त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली दिलेला लढा त्यांनी पाहिला होता. फादर २५ जुलै २०२४ला गेले, आमच्या कामाच्या दिवसाआधी दोन-सव्वादोन महिने. त्यांचे नाव घेऊन कोणी म्हटले की मोर्चा काढू. वाडीने मात्र सांगितले की, मोर्चा काढून तुम्ही परत जाल, आम्हांला त्याच्याच शेतघरावर कामाला जावे लागते. त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, अठरा अंगठे व सह्या केल्या आणि तो ग्रामपंचायतीत नेऊन दिला. आम्ही फक्त दोघे बरोबर गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. पंधरा दिवसांनी नळी निघाली. पंप अजून तेथेच, ताडपत्रीखाली आहे.

त्या हिवाळ्यात डोहावर करडे धोबी शेपट्या हलवीत उतरले. वाडीतील बहुतेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेली. मागे राहिल्या म्हाताऱ्या, लहान मुले आणि बकऱ्या. त्यांना पाणी पुरले होळीपर्यंत. आधी ते नाताळाच्या सुमारास संपत असे. एप्रिल आणि मे हे दोन महिने बायका पूर्वीप्रमाणेच हंडे घेऊन चढल्या. मार्चमध्ये सोंडेवर वणवा आला. जाळरेषा आम्ही काढली होती ती पश्चिमेच्या बाजूने, आग आली उत्तरेकडून. आयसने आणि पोरांनी ओल्या डहाळ्या मारून ती ओहळाच्या काठाशी थोपवली.

राहिला दुसरा कामाचा दिवस, ज्याची छायाचित्रे कोणी काढली नाहीत. या गोण्या हल्ली प्लॅस्टिकच्या धाग्याच्या असतात. उन्हाने त्या पिंजतात, आणि पहिल्या पुरात त्यांच्या चिंधड्या पाताळगंगेत जातात. म्हणून पावसापूर्वी त्या काढून आणाव्या लागतात. २०२५च्या मे महिन्यातील एका शनिवारी आम्ही त्यासाठी वर गेलो. ऑक्टोबरमध्ये ४४ होतो, त्या दिवशी ९ होतो. लग्नसराई होती, मुले गावी गेली होती, ऊन मी म्हणत होते. ज्या दोन कुटुंबांनी मजुरीच्या प्रश्नावर पाठ फिरवली होती, त्यांतील एक कुटुंब त्या नऊ जणांत होते. नवरा-बायको आणि कॉलेजात जाणारा मुलगा. त्यांनी संध्याकाळपर्यंत गोण्या रिकाम्या केल्या, आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

परतण्यापूर्वी आयसबरोबर चिंध्या मोजल्या. रंग उडून त्या पांढुरक्या झाल्या होत्या. ६३ पैकी ४१ रोपे उभी होती. मोह गेला होता. दोन गोण्यांच्या खाली ओलसर मातीत मुठे खेकडे बिळे करून बसले होते. ते पोरांनी तेथल्या तेथे गोळा केले. २४० गोण्यांपैकी पुन्हा वापरता येतील अशा निघाल्या ९०. म्हणजे पुढच्या बांधासाठी दीडशे नव्या हव्यात. ज्यांच्या घरी बांधकाम चालू आहे त्यांनी रिकाम्या गोण्या न फाडता, तोंडाकडून सोडवून ठेवाव्यात, असे त्यानंतरच्या रविवारी मिस्सानंतरच्या सूचनांत सांगण्यात आले.